रोडग्याचा पहिला घास

आमच्या घरात चाळीस वर्षं मी पाण्याचा गिलास स्वतः उठून घेतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. अमरावतीच्या स्टँडवर खिडकीशी बसायचं, माइकवरून गाड्या पुकारायच्या, आणि गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली की ड्रायव्हरच्या नावानं शिमगा करायचा, हे माझं काम. घरी आलो तरी तेच. चहाला उशीर झाला की मी बैठकीतून ओरडायचो, "सुटली का नाही गाडी अजून?" बायको आतून म्हणायची, "लागली फलाटावर, लागली." हा आमचा विनोद होता. निदान मी तरी तो विनोद धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी, तिच्या हातून चहाचा कप पडला. मी पेपर वाचत होतो. "लक्ष कुठं आहे तुझं?" मी तिथूनच खेकसलो. उत्तर आलं नाही, म्हणून आणखी मोठ्यानं खेकसलो. मग उठून आत गेलो, तर ती ओट्याला टेकून उभी. उजवा हात नुसता लोंबत होता, तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं, आणि ती फुटलेल्या कपाकडं बघत होती. आजारी बाईवर मी दोनदा ओरडलो होतो. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं.

शेजाऱ्यानं ऑटो आणला. दवाखान्यात डॉक्टर स्ट्रोक म्हणाले, भेटायला येणारे लकवा म्हणाले. जीव वाचला. पंधरा दिवसांनी घरी आणली तेव्हा बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. पाय ओढत ओढत का होईना, महिन्याभरात ती परसदारापर्यंत जाऊ लागली. उजवा हात मात्र आला नाही. तो तिच्या मांडीवर पडलेला असायचा आणि ती अधूनमधून डाव्या हातानं त्याला उचलून नीट ठेवायची.

हात म्हणजे काय हात होता तो! ती शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेतली. बोलता बोलता संत्रं हातात घ्यायची आणि साल अखंड उतरवून बाजूला ठेवायची, बघितलं की वाटावं अख्खं संत्रंच आहे. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तिला पोळ्या करताना पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हात चांगला आहे पोरीचा." आमच्या आईच्या तोंडून सुनेचं कौतुक म्हणजे कावळ्यानं गाणं म्हणण्यातला प्रकार.

डॉक्टरांनी घरी यायला एक फिजिओथेरपिस्ट सांगितली. आमच्या पुण्याच्या लेकीएवढी पोरगी, आठवड्यातून तीनदा स्कूटीवर यायची, आम्हाला काका-काकू म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडून घरातल्या वस्तू गोळा करवल्या: टॉवेल, कपड्यांचे चिमटे, दोन वाट्या, मूठभर चिंचोके, तोंड बघायचा आरसा. टॉवेल टेबलावर पसरून पुढं-मागं सरकवायचा. चिमटा दाबून दोरीला लावायचा. चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. आरशाचं तर मला नवलच वाटलं. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, डावा हात हलवायचा आणि आरशात बघायचं. तो उजवा हलल्यासारखा दिसतो, आणि मेंदू फसून खरोखरच उजव्याला हुकूम सोडायला लागतो म्हणे.

"इतक्या वर्षांत यायले कधी फसवलं नाई," बायको माझ्याकडं मान वळवून अडखळत म्हणाली, "आता मेंदूले फसवू काय?"

पोरगी खळखळून हसली. लकवा झाल्यावर तिनं केलेली ती पहिली मस्करी. मी आत जाऊन डोळे पुसले.

आता माझ्या सेवेबद्दल. मी चहा करायला शिकलो, मग खिचडी, मग कणीक मळायला. तिची वेणी घालायला शिकलो. आणि तिला भरवायला लागलो. डाव्या हातानं तिला जेवता आलं असतं, पण त्या हातानं जेवायचं म्हटलं की ती ताट सरकवून द्यायची. "त्या हातानं नाई," एवढंच. मग मी वरण-भात कालवून घास करायचो आणि ती खायची. बघायला येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. "असा नवरा भेटाले पुण्य लागते, बाई." स्टँडवरचे जुने सोबती म्हणायचे, "साहेब, तुमी त कमालच करून राहिले." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षांचं देणं मी एका पावसाळ्यात फेडून टाकलं, असं मला वाटायला लागलं होतं.

दिवाळीनंतर तिच्या माहेराहून संत्र्यांची पेटी आली. तोवर तिची बोटं थोडी वळायला लागली होती. पोरगीनं एक संत्रं तिच्या डाव्या हातात दिलं आणि उजव्या अंगठ्याचं नख सालात घालायला सांगितलं. बायकोनं ओठ घट्ट मिटले. नख घसरलं, पुन्हा घसरलं. खांद्यापासून सगळा हात थरथरत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, सालीवर नुसते ओरखडे. पोरगी वहीत काहीतरी लिहीत होती. मी समोर बसून बघत होतो. शेवटी मी उठलो, तिच्या हातातून संत्रं घेतलं, सोललं, बिया काढल्या आणि एक फोड तिच्या तोंडाशी धरली.

पोरगीनं वही मिटली.

"काका, तुम्ही काकूंचा हात खाऊन राहिलात."

मी तडकलो. म्हटलं, "मी काय खातो? मी तिले चारून राहिलो, दिसत नाई काय?" एवढीशी पोरगी, काल कॉलेजातून निघाली, आणि मला शिकवते! पण ती काही मागं हटली नाही. म्हणाली, मेंदूचा जो भाग हात चालवायचा तो मेला आहे. आता बाजूच्या भागाला ते काम शिकवायचं आहे, आणि ते फक्त हात वापरूनच शिकतो. हजारदा चुकू द्यायचं, मग एकदा जमतं. हाताचं काम दुसरंच कोणी करून टाकलं तर मेंदू म्हणतो, मग लागतोच कशाला हा हात? "हे सुरुवातीचे महिने सोन्यासारखे आहेत, काका. ते तुम्ही भरवण्यात घालवून राहिले."

"आईका जरा तिचं," बायको म्हणाली. तिच्या तोंडात मी दिलेली फोड तशीच होती.

त्या दिवसापासून पोरगीनं मला एक शिक्षा लावून दिली. काकूंचा व्यायाम सुरू झाला की काकांनी समोर बसायचं आणि दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे. बसायचं तर बसायचं, पण हातांवर. हसू नका. जगात याच्यासारखं अवघड काम नाही. तिचा चिंचोका वाटीच्या काठावर यायचा, आणि माझी बोटं मांडीखाली वळवळायची. तेव्हा मला कळलं, की मी जिला माया समजत होतो ती सगळी माया नव्हती. तिच्यात निम्मी घाई होती. मला तिचा उशीर बघवत नव्हता.

त्याच सुमारास अकोल्याहून तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. बहीण पाठीला पाठ लावून वाढलेली, हिच्यापेक्षा तीन वर्षांनी थोरली, खणखणीत आवाजाची. ही दवाखान्यात असताना तिनं नवस बोलला होता: बहीण आपल्या पायानं चालत माझ्या दारी आली, तर गावाला रोडग्याचं जेवण देईन. आता ही चालायला लागली होती. माघात शेतात रोडगे करायचं ठरलं. "आन आईक," बहीण फोनवर म्हणाली, मला लांबूनही ऐकू येत होतं, "पयला घास तुहा. तू खाल्ल्याबिगर पंगतीत कोनी हात लावनार नाई. तसंच बोलली मी देवीले."

बायकोनं फोन ठेवला आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "मी माह्या हातानं खाईन."

रोडगा ज्यांनी खाल्ला नसेल त्यांना सांगतो. जाडसर कणकेचा मोठा गोळा असतो, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेला. वरून टणक, आत मऊ. तो हातानं फोडायचा, कुस्करायचा, त्यावर तूप आणि तुरीचं वरण घ्यायचं, बरोबर वांग्याची भाजी. चमच्याचं तिथं काही चालत नाही. लकव्याच्या हातानं खायला याहून वाईट पदार्थ शोधून सापडणार नाही. हे मी बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "म्हनूनच."

पोरगीला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला. म्हणाली, काका, आता चिंचोके बंद, रोज रोडगा. मी कुकरमध्ये बिनपाण्याचे रोडगे भाजायला शिकलो. कसे भाजायचे ते बायको खुर्चीतून सांगायची आणि मी करपवायचो. पहिल्या आठवड्यात तिच्यानं रोडगा फुटला नाही. ती तळव्यानं दाबायची, तो ताटातून पळायचा. पोरगीनं ताटाखाली ओलं फडकं ठेवलं, म्हणजे ताट सरकत नाही. दुसऱ्या आठवड्यात रोडगा फुटला. मग कुस्करणं. मग तीन बोटं आणि अंगठा एकत्र आणून घास उचलणं. घास उचलायचा आणि तोंडापर्यंत येता येता सांडायचा. पुन्हा, आणि पुन्हा. मी हातांवर बसलेलो.

संक्रांतीच्या पुढच्या शनिवारी दुपारी ती एकटीनं अर्धा रोडगा जेवली. चाळीस मिनिटं लागली. माझी घड्याळ बघायची सवय जाणार कशी? ओटीत सांडलेलं, हनुवटीला वरण लागलेलं, आणि चेहरा असा, की मी तिला लग्नाच्या वर्षीसुद्धा इतकी खूश पाहिली नव्हती.

"पाह्यलं?" ती म्हणाली.

"पाह्यलं," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. उजवा हात उचलून, आपला आपण उचलून, माझ्या मनगटावर ठेवला. "तितं मंधात हात घालजा नोका. किती का टाइम लागेना."

"नाही घालत."

"माही आन?"

"तुझी आन," मी म्हणालो.

अकोल्याच्या बाहेर बहिणीचं शेत. तूर कापून झालेली, हरभरा उभा, बांधावर मोठी चिंच. चिंचेखाली सतरंज्या टाकून पंगत बसवलेली. एका बाजूला गोवऱ्यांचा आर, गडी माणसं रोडगे काढून राख झटकून फडक्यात चोळत होती. ऐंशी-नव्वद माणसं असतील. बायकोला मधोमध बसवलं. पाय दुमडत नव्हता म्हणून पाटावर पाट ठेवून बसवलं, समोर चौरंगावर पत्रावळ. मी शेजारी बसलो. वाढप झालं. रोडगे, वरण, वांगी, आणि बहीण स्वतः तुपाची किटली घेऊन फिरली. मग ती मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "थांबजा बरं. पयला घास माह्या बहिनीचा."

सगळी पंगत थांबली. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

बायकोनं उजवा हात चौरंगावर आणला. पत्रावळीखाली ओलं फडकं ठेवायचं मी विसरलो होतो. पिशवीत होतं ते, मीच ठेवलं होतं. पत्रावळ सरकली. तिनं डाव्या हातानं ती धरली आणि तळवा रोडग्यावर ठेवला. आरातला खरा रोडगा, माझ्या कुकरातल्यापेक्षा दुप्पट टणक. ती दाबत राहिली. कुणीतरी खोकललं. एक लहान मूल रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याचा हात पत्रावळीवरून ओढून घेतला. शेवटी रोडगा फुटला. मी हातांवर बसलो होतो का? सुरुवातीला बसलो होतो.

ती कुस्करू लागली. ऊन चिंचेतून खाली आलं होतं. द्रोणातल्या वरणावर साय धरायला लागली. समोरच्या ओळीतला एक म्हातारा शेजाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलला आणि दोघांनी माना हलवल्या. वाढपी रोडग्यांच्या टोपल्या घेऊन ताटकळले होते. मागून एक बाई हळूच म्हणाली, "काहून छळून राहिले बिचारीले?" ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. ही सगळी माणसं उपाशी बसली आहेत, जेवण निवून राहिलं आहे, आणि मी, तिचा नवरा, बाजूला नुसता बसून आहे. मला घाम फुटला. स्टँडवर गाडी भरून उभी असावी आणि ड्रायव्हर सापडू नये, तेव्हा असाच घाम फुटायचा.

तिनं घास उचलला. खरंच उचलला, तीन बोटं आणि अंगठा. तो पत्रावळीपासून वीतभर वर आला. हात थरथरत होता, तूप मनगटावरून कोपराकडं ओघळत होतं, थोडं लुगड्यावर सांडलं. तिची नजर त्या घासावर होती, दुसरीकडं कुठंच नव्हती. वर येत होता तो. मी देवाशपथ सांगतो, तो तोंडापर्यंत गेला असता.

मी तिचं मनगट धरलं. घास तिच्या बोटांतून माझ्या बोटांत घेतला आणि तिच्या तोंडाशी नेला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं.

पंगतीतून एकदम आवाज उठला, कुणीतरी देवीचा जयजयकार केला, सगळे जेवायला लागले. बहीण डोळे पुसत माझ्याजवळ आली. "जवाईबापू, तुमच्यासारका मानूस पाह्यला नाई." दोन-तीन जणांनी मोबाइलवर फोटो काढले होते. अजून कुठं कुठं फिरतो तो फोटो, मी बायकोला घास भरवतानाचा. लोक खाली हात जोडल्याची चित्रं टाकतात. बाकीचं जेवणही मीच भरवलं. तिनं एकदाही हात वर आणला नाही.

परत येताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मूर्तिजापूर मागं पडलं तरी बोलली नाही. मी म्हटलं, "लोक खोळंबले होते गं." मी म्हटलं, "थकली होतीस तू, मला दिसत होतं." बडनेऱ्याचा पूल आला तेव्हा तिनं मान वळवली आणि शांतपणे विचारलं,

"सुटली ना गाडी टायमावर?"

मी आयुष्यात पुष्कळांना बोललो, पुष्कळांचं ऐकून घेतलं. वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या, प्रवाशांच्या खाल्ल्या. पण असं मला कुणी कधी बोललं नव्हतं. आणि तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो तरी असतो.

दुसऱ्या दिवशी पोरगी उत्साहानं आली, कसं झालं विचारायला. मी सांगितलं. ती मला रागावली नाही. तिनं ताटाखाली ओलं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "चला काकू." बायकोनं हात मांडीवरून हलवला नाही. "राहू दे ना बेटा," म्हणाली. पोरगी आणखी दोन महिने येत राहिली. चिमटे, चिंचोके, आरसा, सगळं पुन्हा काढून पाहिलं. बायको तिला दुखवायचं नाही म्हणून दोन-चारदा टॉवेल सरकवायची, की संपलं. शेवटच्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी पोरगी मला म्हणाली, "हातात अजून आहे, काका. पण त्या मागून नाही राहिल्या." आणि स्कूटीला किक मारून गेली. मी तिथंच पायरीवर बसून रडलो. वरच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघून गेली, पण मला काही लाज वाटली नाही.

आता बोटं आत वळली आहेत. रोज सकाळी मी ती एकेक करून उघडतो, तळवा धुतो, पुसतो, पावडर लावतो. सोडली की ती पुन्हा मिटतात. बायका अजून येतात, अजून तेच 'पुण्य लागते' म्हणतात. मी आताशा उठून आत जातो.

मागच्या आठवड्यात मी कुकर काढला. कणीक भिजवली, रोडगे केले, एका बाजूनं करपले. तुरीचं वरण केलं, तूप पातळ केलं. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं. तिला खुर्चीत नीट बसवलं, तिचा उजवा हात टेबलावर आणून ठेवला. भिंतीवरचं घड्याळ मी सकाळीच काढून कपाटात टाकलं होतं. तिच्यासमोर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"खा," मी म्हटलं. "मी बसलोय. संध्याकाळ झाली तरी चालेल."

तिनं रोडग्याकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यांकडं, मांडीखाली गेलेल्या हातांकडं. किंचित हसली, असं मला वाटलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, मग शाळा सुटल्याचा गलका आला, मग तोही निवला. वरणावर साय धरली. तिची बोटं हलली. मी पाहिलं, खरंच हलली, करंगळीकडची दोन थोडी उघडली. मी मनात म्हणत होतो, घे, कितीही वेळ घे, बाई, सगळा वेळ तुझाच आहे.

बोटं पुन्हा मिटली.

"भूक लागली," ती म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.

मी मांडीखालून हात काढले आणि रोडगा कुस्करायला घेतला.